गाठोडं कुठल्या गटात

मला एका वस्तूची एकच जागा असलेली आवडते. कात्री खिळ्याला, डस्टर फळ्याखाली, पोरं बाकावर. गणित शिकवणाऱ्या बाईला हे शोभतंही. त्यामुळे मुख्याध्यापकांनी जेव्हा जाहीर केलं, की येता आठवडाभर सगळ्या विषयांत एकच गोष्ट शिकवायची आणि ती म्हणजे गट, तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि मी मनातून खूश झाले. गट म्हणजे शिस्त. त्यात गोंधळ कसला व्हायचाय?

बेत असा होता. प्रत्येक मुलानं घरात जितकी माणसं तितक्या वस्तू आणायच्या, माणशी एक, ज्याची त्याची. मग तोच ढीग टोपल्यांतून तासातासाला फिरणार. गणितात आम्ही मोजून गट पाडणार, विज्ञानात गुणधर्म बघून, चित्रकलेत रंग बघून, भाषेत शब्द बघून. नियम घालायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. मी घातला. "एकदा टोपलीत ठेवलेली वस्तू शनिवारपर्यंत परत मागायची नाही. कुणाचं कितीही अडलं तरी नाही. कळलं?" पोरं "हो बाई" म्हणाली. माझा आवाज चढला की पोरं कशालाही हो म्हणतात.

आता मुंगीबद्दल सांगायला हवं. मुंगी माझ्या वर्गात आहे आणि माझ्या घरातही आहे. माझ्या नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली, आणि मी त्या घरात लग्न करून आले ते फार नंतर. अंगानं एवढीशी, आणि सारखं काहीतरी उचलून इथून तिथे नेत असते म्हणून बापानं ठेवलेलं नाव. शाळेत ती मला बाई म्हणते, सगळ्यांसारखी. घरी काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की आजीला सांगते, "आजी, त्यांना विचार ना, माझी वही बघितली का." मी तिथेच समोर उभी असते! भांडत नाही, रुसत नाही, ताटातलं सगळं मुकाट्यानं खाते. फक्त मी त्या घरात नेमकी कोण, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. आणि ती ठरवत नाही तोवर माझंही काही ठरत नाही. पाहुण्यासारखं वागून वागून माणसाचं अंग अवघडतं.

सोमवारी मुंगीनं बाकावर चार वस्तू मांडल्या. बाप सुतार, त्याची मोजायची टेप. आजीचा बटणांचा डबा. स्वतःची उड्यांची दोरी. आणि चौथं एक गाठोडं, निळ्या चौकटीच्या रुमालाला घट्ट गाठी मारलेलं.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"वस्तू."

"ते दिसतंय. कुणाची?"

ती माझ्या चपलांकडे बघत राहिली. "घरातल्या माणसाची."

"सोडून दाखव बघू."

तिनं दोन्ही हात गाठोड्यावर ठेवले. सबंध वर्ग बघत होता. मी पुढच्या बाकाकडे वळले.

वळले खरी, पण बेरीज माझी तिथेच अडकली. बाप, आजी, मुंगी, हे झाले तीन. चौथं कोण? बाकीच्या पोरांनी घरच्यांच्या मागे लागून, हट्ट करून वस्तू मिळवल्या होत्या. माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. म्हणजे चौथी तिची आई, दुसरं कोण असणार? मेलेल्या माणसाला मोजायचं नाही असा काही नियम मी घातला नव्हता. तिनं आईला मोजलं यात चूक काय? काहीच नाही. आईला नाही मोजायचं तर कुणाला मोजायचं? हे सगळं मला पटत होतं, आणि तरी ते बोचत होतं. राग म्हणावा तर कुणावर? एका पोरीवर? जी बाई आता नाही तिच्यावर? दिवसभर मला तेच कळेना.

शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना बजावलं, "तिच्या गाठोड्याला हात लावू नका. आईचं आहे तिच्या." सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं. त्यानंतर ते गाठोडं आमच्या शाळेतली सगळ्यात मानाची वस्तू झालं. विज्ञानाच्या सरांनी लांबूनच बघून ते 'मऊ' गटात घातलं. चित्रकलेच्या बाईंनी 'निळे' म्हटलं. भाषेच्या बाईंनी 'ज्यांचं नाव आपल्याला माहीत नाही' असा एक वेगळाच गट त्या एकट्यासाठी काढला. माझ्या तासाला मी ते 'चार-चारच्या गटातून उरलेले' म्हणून बाजूला ठेवलं, आणि ठेवल्यावर मलाच वाईट वाटलं.

बाकी आठवडा म्हणाल तर सगळा आनंदीआनंद होता. एक साधी छत्री घ्या. विज्ञानात ती पाण्याला दाद न देणाऱ्यांत होती, चित्रकलेत काळ्यांत, भाषेत 'ती' म्हणायच्या शब्दांत. खेळाच्या सरांनी गट पाडले ते 'फेकता येतं' आणि 'फेकलं तर ओरडा बसतो' असे. बुधवारी एका पोरानं हात वर केला. "बाई, छत्री खरी कुठल्या गटातली?"

"कोण विचारतंय त्यावर आहे."

"मी विचारतोय."

वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं. पोरं गोंधळली तर आपण समजावतो. आपणच गोंधळलो तर कुणाकडे बघायचं?

त्यात माझा चष्मा हरवलेला. सोमवारी सकाळी घरातून निघताना जो सापडेनासा झाला तो झालाच. ड्रॉवरमधला जुना, एक काडी वाकडी असलेला लावून मी शिकवत होते. त्यातून तिनाचा आठ दिसायचा. फळ्यावर मी अशा काही बेरजा केल्या, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मला सुधारायला लागली. घरी येऊन मी घर डोक्यावर घेतलं. गाद्या उलट्या केल्या, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून बघितला.

"या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. "पर्स बघितलीस का नीट?"

"चारदा बघितली."

"मग माझी बटणं कुणी नेली तेही बघ. सगळ्या शर्टांची बटणं तुमच्या शाळेत जाऊन बसलीयत."

मुंगी कोपऱ्यात बूट पुसत होती. माझा आवाज चढला तशी तिची मान खाली खाली गेली. मला वाटलं, बिचारी घाबरली. मी आवाज उतरवला आणि रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा घातलं.

जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "तिच्या आईचं घरात काही ठेवलेलं आहे का?"

तो दचकला. या विषयाला आम्ही दोघंही बोट लावत नाही. "होतं थोडंफार. सगळं तिच्या मावशीकडे दिलं मागेच. का?"

"मग त्या गाठोड्यात काय आहे?"

"मला काय माहीत? तू विचार की. तू बाई आहेस तिची."

"हो ना," मी म्हटलं. "बाईच आहे."

तो काहीतरी बोलणार होता, पण मी भांडी आवरायला गेले. भांडी त्या दिवशी जरा जास्तच वाजली.

शनिवारी पालक येऊन वस्तू नेणार होते. त्याआधी खेळाच्या सरांना हुक्की आली आणि त्यांनी सगळ्या टोपल्यांची शर्यत लावली. शर्यत रंगली, टोपल्या उलटल्या, आणि मैदानाच्या मधोमध एकच ढीग झाला. टेपा, चष्म्याची घरं, पट्टे, डबे, कंगवे, बटणं! नावं कुणी कशावर घातली नव्हती. गट शिकवायला निघालेल्या शाळेत एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याला सुचली नव्हती, आणि त्या शहाण्यांत मी होते.

"आता काय करायचं?" मुख्याध्यापकांनी मला विचारलं. गोंधळ झाला की त्यांना गणित आठवतं.

मी खडू घेतला आणि पोरांना जमिनीवर आपापला गोल काढायला लावला. "हे तुमचं घर. घरातल्या माणसांच्या वस्तू शोधून आणा आणि आपल्या गोलात ठेवा. शेवटचा गट हाच." आठवडाभरात पहिल्यांदाच कुणी शंका काढली नाही. पोरं ढिगावर तुटून पडली. आणि आश्चर्य म्हणजे भांडण एकही नाही. आपल्या आजोबांचा पट्टा कुठला, हे पोरांना वासावरूनसुद्धा कळतं म्हणे. पालक फाटकातून आत येईपर्यंत ढीग संपत आला होता.

माझा नवराही आला, शर्टावर भुसा तसाच. मुंगीच्या गोलात टेप होती, डबा होता, दोरी होती, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ते गाठोडं. मी लांबच उभी राहणार होते. त्या गोलात माझं काय काम? पण पाय गेले.

"सोड की आता," बाप तिच्यासमोर उकिडवा बसत म्हणाला. "शनिवार झाला."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग दातांनी गाठ सैल केली, दुसरी बोटांनी सोडली. रुमालाची टोकं बाजूला झाली. आत माझा चष्मा होता.

मला आधी सुचला तो ओरडा. "अगं! आठवडाभर मी आंधळ्यासारखी चाचपडतेय! पिठाच्या डब्यापर्यंत जाऊन आले! आणि तू बघत बसलीस?"

मुंगी बापाकडे वळली. सवयच ती. "बाबा, बाईंनी सांगितलं होतं, टोपलीतली वस्तू शनिवारपर्यंत परत मागायची नाही. कितीही अडलं तरी."

नवरा माझ्याकडे बघून मिशीत हसला. मला हसू येत नव्हतं. माझी बेरीज पुन्हा पहिल्यापासून चालू झाली होती आणि आकडे हलत होते. मी तिच्या गोलाबाहेर खालीच बसले.

"मला वाटलं, तुझ्या आईचं काही असेल."

"घरातल्या माणसांच्या वस्तू सांगितल्या होत्या," ती म्हणाली. या वेळी बापाला नाही, मला. जरा समजावल्यासारखं, मी मागच्या बाकावरच्या पोरांना समजावते तसं. "आई घरात कुठे असते आता?"

"पण मग मागायचा होतास ना माझ्याकडे. मी दिला असता."

"तुम्हाला चष्मा लागतो. तुम्ही दुसरं काहीतरी दिलं असतं. पेन वगैरे."

"बरं, मग निदान मी शोधत होते तेव्हा तरी सांगायचं. घरी. हळूच. मी रागावले असते, पण..."

"तुम्ही लगेच काढून घेतला असता."

"हो, घेतला असता. मग काय झालं असतं?"

तिला माझी कीव आल्यासारखी दिसली. एवढी साधी वजाबाकी गणिताच्या बाईला कशी येत नाही?

"मग घरात आम्ही तिघंच उरलो असतो."

बापानं तोंड फिरवलं आणि उगाचच टेपची पट्टी बाहेर ओढून पुन्हा आत सोडली. मुंगीनं रुमालाच्या टोकानं चष्म्याची एक काच पुसली, मग दुसरी, आणि तो माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही. शाळा सुटायची घंटा अजून झाली नव्हती, आणि नियम माझाच होता.

"ठेव तिथेच," मी म्हटलं. जुन्या चष्म्यातून तसंही मला काही दिसेनासं झालं होतं.