न घेतलेलं माप

सुताराचा एक नियम होता. मेलेल्या माणसाचं माप तो स्वतः जाऊन घ्यायचा. सुती दोरी टाळूपासून टाचेपर्यंत धरायची, गाठ मारायची, त्या मापाने पेटी करायची आणि दोरी माणसाबरोबर पेटीत ठेवायची. वडिलांनी असंच शिकवलं होतं. पण बायको गेली तेव्हा दोरी त्याच्या हातातच राहिली. एकतीस वर्षं एका अंथरुणावर काढलेल्या बाईला काय मोजायचं, असं म्हणून त्याने अंदाजाने फळ्या कापल्या. पेटी दारात टेकवून ठेवली आणि अंगणात जाऊन बसला. झाकण लागलं तेव्हाही आत गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात स्वप्न सुरू झालं. कारखान्यात तीच पेटी, झाकण लावलेली, आणि आतून गुडघे लाकडावर आपटल्याचा आवाज. टक. टक. तो झाकण उचलायला जायचा आणि जाग यायची.

कबरी खणणाऱ्या लंबूला त्याने सांगितलं, तर तो फावड्यावर रेलून हसला.

"स्वप्नात पेटी दिसली की आयुष्य वाढतं, माझी आजी सांगायची. आणि तुझा धंदाच तो. पाववाल्याला पाव दिसत असतील."

"आखूड झाली असेल रे. पाय दुमडून पडली असेल ती."

"बरं मग?"

"उघडून बघू या."

लंबूचं हसू गेलं. "डोकं फिरलं का तुझं? हे काम मी करणार नाही, आणि तुलाही करू देणार नाही. तिच्या बहिणीला विचार. तिनेच ठेवलं ना आत?"

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेव्हणीच्या दुकानात गेला. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. टेबलावर चादर पसरलेली होती.

"या भाऊजी. जेवलात का? तोंड बघा केवढंसं झालंय."

"एक विचारतो, खरं सांग. तिचे गुडघे दुमडावे लागले का?"

तिने इस्त्री उभी केली. "कोण म्हणालं असं?"

"कोणी नाही. सांग तू."

"काहीतरीच! उलट पेटी मोठी होती. चांगली दीड वीत. तुम्ही ती दारात उभी केलीत तेव्हाच आम्हाला दिसलं, बरोबर तुमच्या डोक्यापर्यंत येत होती. स्वतःच्या मापाची करून आणलीत तुम्ही."

सुतार समोरच्या स्टुलावर टेकला.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमची अवस्था बघवत नव्हती. पायाशी दोन शाली भरल्या आणि गप्प बसलो."

त्याला हसूच फुटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणजे ऐसपैस झोपली होती ती. छातीवरचा धोंडा उतरला. मेव्हणीही हसली, "सुतार म्हणे!" म्हणाली आणि पुन्हा चादरीवर इस्त्री फिरवू लागली.

"रुंदीलाही बरीच होती," ती म्हणाली. "मी ताईला नीट मधोमध ठेवलं होतं. नंतर शाली आणायला आत गेले. परत येऊन बघते तर ती अगदी कडेला. पेटी उचलायला आलेल्या लंबूने हलवली असेल म्हटलं, तर तो म्हणतो मी हातसुद्धा लावला नाही."

"कुठल्या कडेला?"

"डावीकडे. फळीला अगदी चिकटून. उजवीकडे सगळी जागा मोकळी." तिने मान वर केली. "का हो?"

एकतीस वर्षं ती डावीकडे, भिंतीला लागून झोपायची. दमून आलेल्या माणसाला अंग पसरता यावं म्हणून.

"काही नाही," सुतार म्हणाला.

"मी तिला परत मधे घेणार होते. पण वाटलं, असू दे."

तो उठला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि हाताखालची चादर करपायला लागली.