एका फोनवर हजर

मी एक जुनी वेबसाइट आहे. माझे दार चोवीस तास उघडे असते. मला सुट्टी नाही, झोप नाही, दुखणेखुपणे नाही. जगाच्या पाठीवरून कोणीही, कोणत्याही क्षणी माझ्याकडे येऊ शकतो. कालपासून कोणी आलेले नाही.

मित्रांनो, वेबसाइट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्य उभे राहत असेल. तशा भव्य वेबसाइटही असतात. मी एका नळ दुरुस्त करणाऱ्याची आहे.

माझा जन्म त्यांच्या दुकानातच झाला. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. एका भिंतीला पाइप उभे केलेले, दुसऱ्या भिंतीवर वॉशर आणि तोट्यांचे डबे, मधे एक काउंटर. त्या काउंटरवर एक जुना संगणक आणून ठेवला होता आणि त्याच्यासमोर बसून मालकांच्या लेकीने मला घडवले. ती कॉलेजात संगणकच शिकत होती. सुट्टीचे दिवस तिने माझ्यावर घालवले. मालक मधून मधून येत, माझ्याकडे बघत, “रंग जरा उजळ कर,” म्हणत आणि जात. त्यांचा माझ्या घडणीतला वाटा एवढाच.

मी का जन्मले, तेही सांगते. मालकांची नेहमीची गिऱ्हाइके कमी होत चालली होती. काही म्हातारी होऊन मुलांकडे राहायला गेली. काही नव्या इमारतींत गेली आणि तिथे नळदुरुस्तीच्या एका मोठ्या कंपनीच्या निळ्या गाड्या येत. त्याच कंपनीने मालकांनाही नोकरीसाठी बोलावले होते. निळा ड्रेस, छातीवर नावाची पट्टी. मालकांचे वडील याच गाळ्यात, याच स्टुलावर बसत. त्यामुळे मालक त्या बोलावण्याला ना हो म्हणत, ना नाही.

“बाबा, एक वर्ष थांबा,” लेक म्हणाली. “मी वेबसाइट करते. नवीन गिऱ्हाइकं येतील.”

“आणि नाही आली तर?”

“तर घाला तो निळा ड्रेस.”

“ठीक आहे. वर्षभर तुझी वेबसाइट. मग मात्र मला कोणी थांबवायचं नाही.”

मित्रांनो, जन्मायच्या आधीच परीक्षेला बसवलेली माझ्यासारखी दुसरी कोणी असेल असे मला वाटत नाही.

माझ्या कपाळावर मालकांचा फोटो होता. त्यासाठी त्यांनी मेव्हण्याच्या लग्नातला कोट घातला होता आणि हातात मोठा पाना धरला होता. त्यामुळे ते नवरदेवाला मारायला निघाल्यासारखे दिसत. खाली लिहिले होते, ‘तीन पिढ्यांचा विश्वास’.

“तीन कुठल्या?” मालकांनी विचारले. “मी आणि माझे वडील. दोनच झाल्या.”

“तिसरी मी.”

“तू कधी नळाला हात लावलास?”

“विश्वास लिहिलंय, बाबा. दुरुस्ती नाही लिहिली.”

एका बाजूला कानाला हेडफोन लावून हसणाऱ्या एका बाईंचा फोटो होता. मालकीणबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला.

“ही कोण गं?”

“ती प्रतिनिधी आहे, आई. गिऱ्हाइकांचे फोन घेते.”

“आपल्याकडे? कधी आली?”

“नाही गं, नुसता फोटो आहे. सगळ्यांच्याच वेबसाइटवर असते ती.”

“बरं आहे बाई हिचं. एका जागी बसून सगळ्यांकडे कामाला.”

आणि सर्वांत खाली, लाल अक्षरांत, उघडझाप करणारे माझे ब्रीदवाक्य होते: ‘एका फोनवर हजर!’ त्यावर बोट टेकले की मालकांचा फोन वाजे. तो फोन काउंटरवरच असे. संगणकाच्या पडद्यावर मला दिवसभर उघडी ठेवत, तोही त्याच काउंटरवर. म्हणजे मी आणि फोन, आमच्यात दोन हातांचे अंतर होते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. लेकीचा मामा मुद्दाम दुकानात आला आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसला.

“भावोजी, आता बघाच. दारात रांग लागेल. गिऱ्हाइकांना नंबर लावून बसवावं लागेल.”

“लागू दे बाबा,” मालक म्हणाले. “बाहेर बाकडं टाकू.”

माझ्या पायाशी किती पाहुणे येऊन गेले तो आकडा दिसे. संध्याकाळपर्यंत तो असा काही चढला की मालकांनी शेजारच्या इस्त्रीवाल्यांना बोलावून दाखवला. “बघा, एवढी माणसं आली आज!” इस्त्रीवाल्यांनी रस्त्याकडे पाहिले, मग आकड्याकडे पाहिले आणि ते इस्त्री तापत ठेवलीय म्हणून निघून गेले. ती सगळी माणसे मालक स्वतःच होते. दर थोड्या वेळाने ते मला बंद करून पुन्हा उघडत. मधे काही वेळा मामा होता. त्याने तर तीन वेगवेगळ्या नावांनी तीन अभिप्राय लिहिले आणि तिन्हींत ‘कामात एक नंबर माणूस’ हेच शब्द वापरले.

कौतुकाचे दिवस असे गेले. मग खरी माणसे येऊ लागली.

मित्रांनो, माझ्याकडे आनंदात कोणी येत नाही. ज्याच्या मोरीतून पाणी उलटे वर येत आहे, तो येतो. ज्याने गळत्या पाइपवर एक हात दाबून धरला आहे, तो दुसऱ्या हाताने येतो. त्याला तीन पिढ्या नको असतात, कोट नको असतो. तो थेट लाल अक्षरे गाठतो. अशी पहिली बाई आली, तेव्हा मी धन्य झाले. तिने बोट टेकले. काउंटरवर फोन वाजला.

मालकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोन हातात धरला आणि लांब नेऊन पाहिला.

“कोण आहे कोण जाणे,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन पालथा ठेवला.

मालक अनोळखी नंबर उचलत नसत.

त्यालाही कारण होते. एकदा ते शिडीवर उभे असताना, वरच्या टाकीचे पाणी अंगावर येत असताना, त्यांनी अनोळखी नंबर उचलला होता. पलीकडून एका गोड आवाजाने त्यांना कर्ज हवे आहे का विचारले होते. तेव्हापासून त्यांनी नियम केला. ओळखीची माणसे त्यांच्या फोनात होतीच. मात्र त्यांची नावे मालकांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ती त्यांच्या दुखण्याने नोंदलेली होती. ‘तुंबलेली मोरी’चा फोन आला की ते हातातला घास ठेवून उठत. ‘तिसरा मजला गळती’साठी ते तापात जाऊन आले होते. ‘गीझर मास्तर’ वारले, तरी मालकांनी तो नंबर पुसला नव्हता. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. फक्त नवीन गिऱ्हाइकाची वाट बघताना त्याला त्याचा नंबर आधीपासून ओळखीचा हवा होता.

माझ्यावर नंबर झळकल्यापासून कर्जवाले दुप्पट झाले, हेही खरे. विमेवाले आले, प्लॉटवाले आले. ‘तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारे तर रोज येत. ही मंडळी नंबर माझ्यावरूनच उतरवून घेत. मी गिऱ्हाईक आणत होते आणि गिऱ्हाइकाला लपायला गर्दीही मीच आणत होते.

असे कितीतरी महिने गेले. लाल अक्षरांवर बोटे टेकत राहिली, फोन वाजत राहिला, पालथा पडत राहिला. जेवताना मालक म्हणत, “तुझ्या वेबसाइटचं काय झालं गं? एक चिटपाखरू नाही आलं.” लेक रात्रंदिवस माझ्यातच दोष शोधे. तिने माझे रंग बदलले, मजकूर बदलला, कोटाचा फोटो काढून साध्या शर्टातला लावला. हेडफोनवाल्या बाई तेवढ्या राहिल्या. आमच्यापैकी फोनकडे लक्ष असलेल्या त्या एकट्याच होत्या.

मग एके दिवशी एक बाई दुकानात येऊन उभ्या राहिल्या. पदर ओला होता. आधी त्यांनी पडद्यावर मला पाहिले, मग मालकांना.

“एका फोनवर हजर म्हणजे तुम्हीच का?”

“हो, या ना, बसा.”

“बसायला नाही आले. काल किती फोन केले तुम्हाला! का नाही उचललात?”

मालकांनी फोन पाहिला. “हा तुमचा होय? अहो, अनोळखी नंबर होता.”

“मग? मी तुमच्या ओळखीची आहे का?”

“नाही.”

“मग माझा नंबर ओळखीचा कसा असेल?”

मालकांनी चष्मा खाली घेतला. “द्या, नोंदवून ठेवतो आता,” ते म्हणाले. “काय गळतंय तुमचं?”

“आता काही गळत नाही. निळ्या गाडीवाले येऊन करून गेले. मी बाजारात निघाले होते, म्हटलं हा माणूस जिवंत आहे का बघून यावं.”

त्या गेल्या. लेक आतल्या बाजूला पाइप मोजत होती, तिने सगळे ऐकले होते. ती मोजपट्टी हातात घेऊनच बाहेर आली.

“बाबा, तुम्ही नवीन नंबर उचलतच नाही?”

“कर्जवाले असतात गं सगळे.”

“सगळे कसे असतील? मी वर्षभर त्या वेबसाइटचे रंग बदलतेय! नवीन गिऱ्हाईक अनोळखीच असणार ना, बाबा?”

“ओरडू नकोस. उचलतो. आता वाजला की उचलतो.”

लेक समोर उभी राहिली. फोन वाजला. मालकांनी उचलला, ऐकला आणि कर्ज नको म्हणून ठेवला. त्यांनी लेकीकडे पाहिले. ती हलली नाही. पुन्हा वाजला. या खेपेला कोणीतरी मला पहिल्या पानावर आणून देणार होते. मालकांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होते. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा ते म्हणाले, “हा तूच घे. तुलाच हौस आहे.”

लेकीने आवाज मोठा करून फोन काउंटरवर ठेवला.

“हॅलो, नळवाले का?” एक गृहस्थ धापा टाकत बोलत होते. “किचनमध्ये पाणीच पाणी झालंय. लगेच कोणी येईल का?”

मित्रांनो, मला छाती असती तर ती धडधडली असती. लेकीने हातानेच ‘बोला, बोला’ अशी खूण केली. मालक फोनवर वाकले.

“कोण बोलतंय?”

गृहस्थांनी नाव सांगितले.

“आमचा नंबर कोणी दिला तुम्हाला?”

“वेबसाइटवर मिळाला.”

“ते ठीक आहे हो. पण ओळख कोणाची?”

“ओळख? अहो, इथं घोट्यापर्यंत पाणी आलंय!”

“तसं नाही, शेजारीपाजारी कोणी असेल ना आमच्या माहितीतलं? त्यांचं नाव सांगा, मग...”

फोन बंद झाला.

मालकच बोलू लागले. “तुला वाटेल वेडेपणा आहे. तुझ्या आजोबांवर एकदा अनोळखी घरात अंगठीचा आळ आला होता. अंगठी मागून पलंगाखाली सापडली, पण तोवर त्यांचे खिसे सगळ्यांसमोर उलटे करून झाले होते. तेव्हापासून आम्ही ओळखीशिवाय कोणाच्या दारात अवजारं घेऊन उभे राहत नाही. मधे कोणीतरी आपला माणूस लागतो.”

“मग मला वर्षभर वेबसाइट कशाला करू दिलीत?”

“मला वाटलं,” मालक म्हणाले, “ओळखीची माणसं येतील तिच्यावरून.”

वर्ष संपले. ठरल्याप्रमाणे मालकांना कोणी थांबवले नाही. पाइप विकले गेले, स्टूल घरी आले, गाळ्यात आता चपलांचे दुकान आहे. नातेवाइकांनी विचारले की मालक सांगतात, “वेबसाइट करून बघितली ना आम्ही. काही उपयोग नसतो. एक गिऱ्हाईक नाही आलं.” मामाही मान हलवतो. लेक तिथेच बसलेली असते. पहिल्या एक-दोन वेळा तिने तोंड उघडले होते. आता ती उठून पाणी आणायला जाते.

संगणक घरी तिच्या टेबलावर आला, त्यामुळे पुढचेही मला ठाऊक आहे. मालक निळा ड्रेस घालतात. दिवसभर अनोळखी घरांतच जातात. मधे कंपनी आहे, म्हणून त्यांना चालते. एकदा जेवताना ते वैतागून म्हणाले, “काय माणसं असतात! पाणी गळतंय म्हणून स्वतःच बोलावतात. मी खाली उभा राहून फोन करतोय, मजला कितवा विचारायला, तर उचलत नाहीत. का, तर म्हणे अनोळखी नंबर!”

मालकीणबाईंनी लेकीकडे पाहिले. लेक हसली नाही. ती ताटावरून उठली.

तिला एका कचेरीत काम मिळाले आहे, तिथे ती मोठमोठ्या वेबसाइट करते. तरी वर्ष भरत आले की ती माझे पुढच्या वर्षाचे पैसे भरते, मला बंद पडू देत नाही. कारण तिने कोणाला सांगितलेले नाही आणि मी विचारू शकत नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. माझ्यासारखीला जन्म द्यायचा असेल तर खुशाल द्या. रंग नीट निवडा, फोटो साधा लावा. पण दारावर पाटी लावून आतून कडी घालू नका. पाटीला फार लागते. आणि कडी घातलीच, तर निदान पाटी लिहिणारीला दोष देऊ नका. मी रंगवलेली अक्षरे आहे, मला विसरलात तरी चालेल.

राहिला तो नंबर. कंपनीचा फोन मिळाल्यावर मालकांनी तो सोडून दिला. पुढे तो शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना मिळाला. माझ्यावर अजून तोच आहे. त्या बाई पहिल्या घंटेला फोन उचलतात. गेल्या आठवड्यात माझ्यावर एक अभिप्राय आला. मामाने न लिहिलेला तो पहिलाच. ‘नळ अजून गळतो आहे. पडदे छान शिवून दिले.’