केव्हाही उठता येईल असं टेबल

आतल्या खोलीत पेल्यावर चमचा वाजला, तसे रोवेनाने हाती आलेले दोन राजे टाकून दिले आणि ती संगणकासमोरून उठली.

"काय हवंय, तातय?"

"कूस बदलून दे." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. "पत्ते चांगले आलेले का?"

"कसले चांगले. भिकार होते."

म्हातारा क्रिसांतो हसला. चेहऱ्याची एकच बाजू हसली. दुसरी आठ वर्षांपूर्वी जीपनी ही प्रवासी गाडी चालवताना लुळी पडली ती पडलीच. पोरीचं खोटं त्याला बरोबर कळायचं. त्यांच्या इलोइलो शहरातल्या गल्लीत कुणी गेलं की मयताच्या घरी पत्त्यांचे डाव बसत, जिंकणारा त्यातला वाटा घरच्यांना देई, आणि गल्लीतलं एकही मयत क्रिसांतोने कधी चुकवलं नव्हतं. त्याच्या मांडीवर बसूनच रोवेना पत्ते शिकली. आई होती तोवर यावरून दोघांचा उद्धार करायची.

आता रोवेना त्रेचाळीसची होती आणि घर त्या पत्त्यांवरच चाललं होतं. इंटरनेटवर पोकरचे प्रकार ढीगभर. तिघांचा झटपट डाव तिने महिनाभर खेळून पाहिला, पण वाटीभर लापशी भरवून येईपर्यंत तो आटोपलेला असे. तिचा हात खरा चालायचा टूर्नामेंटमध्ये. तिथे मात्र एकदा बसलं की बाद होईपर्यंत उठायची सोय नाही. खुर्ची रिकामी असली तरी सक्तीची बोली तुमच्या चकत्यांच्या ढिगातून कापली जाते, आणि दर थोड्या वेळाने ती वाढते. राहिलं छोटं कॅश टेबल. केव्हाही बसा, केव्हाही उठा. आठ वर्षं ती तिथेच बसून होती. पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि कंटाळा आला असं म्हणायचाही आता तिला कंटाळा आला होता. एकदा, फक्त एकदा, एक टूर्नामेंट शेवटपर्यंत खेळून बघायची तिची इच्छा होती. आपण किती पाण्यात आहोत ते तरी कळलं असतं.

"मग शनिवारी खेळ ना, ताई," धाकटा भाऊ एल्मर म्हणाला. "मी बसतो तातयपाशी, अगदी सकाळपासून."

"तू? मागे पाव आणायला गेलास तो दोन दिवसांनी उगवलास."

"आता सुधारलोय गं मी."

"बायकोचंही तेच म्हणणं आहे का?"

"तिला कशाला मध्ये आणतेस?"

शनिवारी आठाच्या ठोक्याला एल्मर खरंच आला, गरम पाव घेऊन. रोवेनाने मधलं दार लोटलं आणि टूर्नामेंटला बसली. नऊशे खेळाडू होते. दर तासाला पाच मिनिटं विश्रांती. पहिल्या विश्रांतीत तिने डोकावून पाहिलं, तर एल्मर वडिलांना वारा घालत होता. दुसऱ्या खेपेला तिने न्हाणीघरातून येता येता बाहेरूनच विचारलं, "ठीक आहे ना सगळं?"

"मजेत आहोत आम्ही," आतून वडील म्हणाले. "जा, खेळ तू."

त्याच्या पुढच्या खेपेला तिने एल्मरला हाक मारली.

"झोपलाय तो," वडीलच म्हणाले. "ओरडू नकोस."

त्यानंतर तिने हाक मारली नाही. दुपारी दोनला नऊजण उरले, आणि त्या नवांत ती होती. ढीगही बरा होता. इतकी हुशारी तिला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. हातातले पत्ते टाकून ती पुढच्या डावाची वाट बघू लागली आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून चमचा एकदाही वाजलेला नाही. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती उठली.

एल्मरची खुर्ची रिकामी होती. वडील कमरेपर्यंत भिजून पडले होते, ओठ सुकलेले. पेला उशाशी होता, चमचा नव्हता.

"कधी गेला तो?"

"आत्ताच."

"तातय."

"साडेनऊला. कोंबड्यांची झुंज होती म्हणे. मीच म्हटलं, जा." मग हळूच त्यांनी विचारलं, "कितीजण राहिलेत?"

पळत जावं आणि खुर्चीत बसावं असं रोवेनाला वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार वाटलं. मग तिने त्यांच्या अंगाखालची चादर ओढली.

"मी बाहेर पडले. म्हणून तर आले ना."

"कितवी?"

"नववी."

"नववी म्हणजे वाईट नाही," वडील म्हणाले.

इतक्यात बाहेरच्या खोलीतून टिकटिक सुरू झाली. पाळी आली, की संगणक असा बोलावतो. टेबलावरून बाद झालेल्याला तो बोलावत नाही. आठ वर्षं भिंतीपलीकडून ती टिकटिक ऐकलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती कोमट पाण्यात फडकं पिळत होती. टिकटिक घाईला आली, एक घंटा वाजली आणि थांबली. थोड्या वेळाने पत्ते वाटल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला.

सदरा काढायला सोपं जावं म्हणून वडिलांनी चांगला हात आपणहून वर उचलला.

त्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. रोवेनाने एकेक बोट सोडवून चमचा काढून घेतला. तळव्यावर त्याचा दांडा उमटला होता. तिथे तिने फडकं फिरवलं आणि चमचा पेल्यात ठेवून दिला.