उपडा ग्लास

पाहुणीने टेबलावर ठेवलेलं कार्ड म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा उलटून पाहिलं. मागची बाजू कोरीच होती. शहरातल्या सगळ्यात बदनाम बारचं काउंटर त्याने उभी हयात सांभाळलं होतं. समोरचा काय पितो यापेक्षा त्याचे हात कुठे आहेत, हे तो आधी बघायचा. या बाईचे हात टेबलाखाली होते.

"जुन्या बारांवर लिहितेय, काका. आठवेल तसं सांगा."

"पोलिसांत कोणी आहे का तुमचं?"

"नाही."

"मग वकिलीत?"

ती नुसती हसली. सुनेने पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले, सासऱ्याला डोळ्यांनीच दटावलं आणि ती आत गेली.

मग तो बोलू लागला, पण हातचं राखून. खुर्च्या फेकून मारता येऊ नयेत म्हणून त्या जमिनीला ठोकून टाकल्या होत्या, ते सांगितलं. आरसा आठवड्याला फुटायचा, तेव्हा शेवटी भिंतीवर नुसती चौकटच ठेवली आणि काही गिऱ्हाईकं तिच्यासमोर उभी राहून भांग पाडायची, तेही सांगितलं. 'पहिलवान' म्हणून एकजण होता. मारामारीआधी तो कवळी काढून काउंटरवर ठेवायला द्यायचा आणि नाक फुटलेलं असलं तरी जाताना आठवणीने मागून न्यायचा.

पाहुणी मनापासून हसली आणि तिने मांडीवरच्या वहीत काहीतरी टिपलं. पण लिहिताना तिची नजर वहीवर नव्हती, त्याच्या तोंडावर होती. म्हाताऱ्याच्या मनातली पाल पुन्हा चुकचुकली.

"आणि तो फिटर?" तिने विचारलं. "रविवारी भर दुपारी तुमच्याच बारमध्ये मारला गेला तो?"

शेवटी गाडी मुद्द्यावर आली. तो केव्हापासून याचीच वाट बघत होता.

"डोकं गरम होतं त्याचं. कुरापत त्यानेच काढली."

तीस वर्षं तो हेच सांगत आला होता. पोलिसांना, मालकाला, बायकोलासुद्धा. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

त्या बारचा एक रिवाज मात्र त्याने आज मुद्दाम गाळला होता. ज्याला भांडण नको असेल, त्याने आपला ग्लास टेबलावर उपडा ठेवायचा. उपड्या ग्लासाला कोणी शिवायचं नाही आणि त्या माणसालाही नाही. भलेभले गुंड हा रिवाज पाळायचे. त्या दुपारी पलीकडच्या टेबलावरून शिव्या सुरू झाल्या, तेव्हा फिटरने मुकाट्याने ग्लास उपडा ठेवला होता. तेवढ्यात काउंटरवाला फडकं घेऊन टेबलं पुसत तिथे आला आणि मान वर न करता तो ग्लास धुवायला उचलून घेऊन गेला. हाताची सवय, दुसरं काही नाही. मागे बाटली फुटल्याचा आवाज आला तेव्हा तो नळाखाली तोच ग्लास विसळत होता.

"बरं," म्हणून पाहुणीने वही मिटून टेबलावर ठेवली. समोरचं पाणी तिने एका दमात संपवलं आणि ग्लास उपडा ठेवला.

म्हाताऱ्याच्या बोटांतलं कार्ड तिथेच थांबलं.

"हे कुठे शिकलात?"

"घरी. आम्ही भावंडं भांडलो की वडील म्हणायचे, ज्याला मिटवायचंय त्याने ग्लास उपडा ठेवायचा. मग दुसऱ्याने हात लावायचा नाही. तेच वडील भांडखोर म्हणून गेले, सगळ्यांच्या लेखी. आई शेवटपर्यंत मान खाली घालून जगली. मला कोणाशी भांडायचं नाही, काका. काय झालं तेवढंच हवंय."

तिचे दोन्ही हात आता टेबलावर होते. रिकामे. म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला भयंकर लाज वाटली, आणि भीतीही.

सून ट्रे घेऊन बाहेर आली. तिने त्याच्यासमोरचा ग्लास उचलला आणि उपड्या ग्लासाकडे हात नेला.

"त्याला हात लावू नकोस."

सून चमकली. या घरात इतक्या हळू आवाजात तो कधी बोलला नव्हता.

"असू दे तसाच," तो म्हणाला. ती आत गेल्यावर त्याने पाहुणीची वही स्वतः उघडली, कोरं पान काढलं आणि तिच्यासमोर सरकवलं.

"लिहा. त्या दुपारी टेबलं मी पुसत होतो."