पायाच्या ठशांतली बेडकं

“कुरामोची आबा, पाणी तोडायचा दिवस ठरवताना बेडकांना कुणी इचारलं व्हतं का?”

प्रश्न नाझुनाच्या तोंडातून सुटला आणि सभाघरातले सगळे हातपंखे जागच्या जागी थांबले. चटईवर मांडी घालून बसलेली वीस-बावीस माणसं एकदम मागे वळली. समोर एक्याऐंशी वर्षांचे कुरामोची आबा. खोऱ्यातल्या सगळ्या खाचरांना पाणी वाटणारे पाटकरी. डोंगरातून येणाऱ्या पाटाचं दार त्यांच्याशिवाय कुणी हलवत नसे. आणि मागच्या दाराशी तिच्या शाळेतल्या कोतोमी आणि रिहो, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसू दाबत होत्या. त्यांनीच नाझुनाला डिवचलं होतं. म्हणे, “भर सभेत आबांना इचारून दाव. आठवडाभर शाळेचे संडास तुज्या वाटचे आमी घासतो.”

गेल्या वर्षीची नाझुना असती तर चपला हातात घेऊन पळाली असती. पण ती आता चौदा वर्षांची होती, शाळेतली अकरा पोरं तिचं ऐकत होती, आणि तिच्याकडे वही होती. तिने वही उघडली.

“हामासाकी बाईंनी आमाला एकेक खाचर वाटून दिलंय,” ती म्हणाली. “दर सोमवारी आमी सगळी मिळून बांबूची चौकट पाण्यात ठेवून बेडकाची पिल्लं मोजतो. पाय फुटलेली किती, नुसती शेपटीवाली किती. आवंदा थंडी लांबली, अंडी उशिरा पडली. काल मोजलं तर एकालाबी पाय न्हाई! आन् शुक्रवारी तुमी पाणी तोडणार. दोन दिसांत सगळी वाळून जातील.”

“आगं, बेडकांना न्हाई इचारलं,” आबा शांतपणे म्हणाले. “भाताला इचारलं. भात म्हणलं, दहा दिस माजे पाय वाळव, मंग मुळं खोल घालतो.”

सभाघर खदखदून हसलं. नाझुनाही हसली. मग म्हणाली, “आठ दिस थांबा. आठ दिसांत पाय फुटत्यात त्यास्नी.”

“खाली बस!”

हा आवाज आबांचा नव्हता, बाबांचा होता. तेत्सुरो, नाझुनाचा बाप, तिसऱ्या रांगेत कानापर्यंत लाल झाला होता. खोऱ्यातलं सगळ्यात वरचं खाचर त्याचं. नाझुनाने मोजायला घेतलेलंही तेच.

“गेल्या साली जमीन नीट वाळली न्हाई,” तो सभेला उद्देशून, पण खरं म्हणजे पोरीला म्हणाला. “वादळात भात आडवं झालं. कापणीचं यंत्र चिखलात शिरंना. सोळा ओळी मी न् हिच्या आयनं वाकून विळ्यानं कापल्या. तवा बेडकं आली व्हती का कापू लागाय?”

आता मात्र कुणी हसलं नाही. आडवं झालेलं भात सगळ्यांनीच पाहिलं होतं.

आबांनी मांडी बदलली, गुडघे कुरकुरले. “दिवस हलायचा न्हाई, पोरी. वरच्यानं पाणी धरलं तर खालच्याचं वाळत न्हाई. पर एक सांगतो. तुज्या बाच्या खाचराच्या डोंगराकडच्या कडंला पूर्वी चर व्हता. झऱ्याचं पाणी इतकं गार, की रोपं पिवळी पडायची. म्हणून पाणी आदी त्या चरातनं फिरवायचं, उनात कोमट करायचं, मंगच आत घ्यायचं. खाचर वाळलं तरी चरात पाणी ऱ्हायचं. आमी पोरं तितं मासं धरायचो.”

“मंग गेला कुटं तो चर?”

“सिमेंटचा पाट आला, तवा बुजवला. त्याच्यावर तुज्या आज्यानं भाताच्या दोन ओळी जादा लावल्या.”

दोन ओळी! सभा संपली तेव्हा नाझुनाच्या डोक्यात तेवढंच उरलं होतं.

घरी जाताना छोट्या पांढऱ्या टेंपोत तिघं दाटीवाटीने बसली होती. काच पुसणारी पट्टी कुईं-कुईं करत होती.

“बाबा, दोनच ओळी.”

“दोन ओळी म्हंजी तुजा महिन्याचा भात.”

“मंग महिनाभर मी शेवया खाईन.”

“शेवया काय आभाळातनं पडत्यात व्हय?” आई म्हणाली, पण तिला हसू येत होतं. तिचं नाव मिसुझु. बाप-लेकीच्या भांडणात ती नेहमी मध्ये बसायची, टेंपोतसुद्धा. “आवो, पोरगी काय वाईट मागतीय का? मोबाईल मागत न्हाई, शहरात जायाचं म्हणत न्हाई. मातीच उकरायची म्हणतीय.”

घराच्या वळणावर तेत्सुरोने गाडी थांबवली.

“उपटलेलं एक रोप फेकायचं न्हाई. जितं विरळ हाय तितं नेऊन लावायचं. आन् शुक्रवारी सकाळी सातला मी पाणी सोडणार म्हंजी सोडणार. तवर तुमचा चर झाला तर झाला.”

“झाला!” नाझुना ओरडली. अजून एक कुदळसुद्धा पडली नव्हती.

बुधवारी शाळा सुटल्यावर अकरा पोरं न् एक बाई गुडघाभर चिखलात उतरली. हामासाकी बाई शहरातल्या. नवे कोरे रबरी बूट घालून आल्या होत्या. पहिल्याच पावलाला एक बूट चिखलाने गिळला, दुसऱ्याला बाई स्वतः बसल्या. “मुलांनो, मातीचा पोत बघा,” असं त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. पोरांची हसून पुरेवाट झाली, पण बाई उठल्या त्या थेट फावडं घेऊनच.

बारीक पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कुणी रोपं काढत होतं, कुणी ती टोपलीतून विरळ जागी नेत होतं, कुणी चिखल बांधावर थापत होतं. शेजारच्या दोन आज्या छत्री घेऊन बघायला आल्या आणि अर्थातच बघत राहिल्या नाहीत.

“आगं ए कोतोमी, फावडं हाय का भाताचा चमचा? पाठीतनं लाव की जोर!”

“आज्जे, तूच ये की मंग आत!”

“मी आत आले तर तुमी सगळी भाईर जाल!”

दुसऱ्या दिवशी त्याच आज्या आंबट आलूबुखार भरलेले भाताचे मुटके घेऊन आल्या. पोरांच्या हातांना इतका चिखल, की आज्यांनीच एकेकाच्या तोंडात मुटका कोंबला. गुरुवारी अंधार पडायच्या आत चर झाला. शंभर पावलं लांब, गुडघ्याएवढा खोल. नाझुनाने शेवटची ओंजळ बांधावर थापली आणि बघितलं तर वरच्या पायवाटेवर बाबा उभे. त्यांनी चर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. निघून गेले.

शुक्रवारी सकाळी गावच्या कर्ण्यावरून आवाज आला, “पाणी बंद झालेलं आहे. ज्यानं त्यानं आपापली दारं उघडावी.” तेत्सुरोने खाचराच्या खालच्या टोकाची फळी उचलली. पाणी खळखळत बाहेर निघालं. पोरं चराच्या काठाने रांगेत उभी राहिली, बांबूच्या चौकटी हातात, जशी काही पाहुण्यांच्या स्वागताला.

पाहुणे काही आले नाहीत.

पाणी उतरत गेलं, चिखल वर दिसू लागला, रोपांचे बुंधे उघडे पडले. आणि खाचराच्या मधोमध जागोजागी छोटी-छोटी डबकी उरली. प्रत्येक डबक्यात काळ्या मोहरीसारखी वळवळ.

रिहोने आधी ओळखलं. “नाझुना... ते आपले पाय हायत.”

खरंच होतं. दर सोमवारी मोजायला जाऊन जाऊन त्यांनी खाचरभर पाय रुतवले होते. टाच, चवडा, बोटंसुद्धा दिसत होती. ज्या पावलांनी पोरं पिल्लं मोजायला गेली, त्याच पावलांच्या खड्ड्यांत पिल्लं अडकली होती. दुपारपर्यंत ऊन निघालं तर संपलंच. एकेक पिल्लू ओंजळीने उचलायला आत जावं, तर आणखी ठसे! दोघं-तिघं उतरलीसुद्धा, आणि चार पावलांत आणखी आठ डबकी करून कपाळाला हात लावून परत आली.

नाझुना रडायच्या बेतात होती. नेमके तेव्हाच कुरामोची आबा काठी टेकत आले. खाचराकडे बघितलं, चराकडे बघितलं.

“चर झाक झालाय,” ते म्हणाले. “पर पोरी, पिल्लू पाण्यामागं जातंय. आन् पाणी तर खालच्या फळीकडं चाललंय. तुमच्या चराकडं त्याला बोलावलंय कुणी?”

तेवढ्यात तेत्सुरो सऱ्या पाडायचं यंत्र ढकलत आला. पाणी तोडायच्या दिवशी दर आठ ओळींमध्ये एक बारीक सरी पाडायची, म्हणजे साचलेलं पाणी झटकन निघून जातं, हे काम खोऱ्यातला प्रत्येक जण करायचा. आणि प्रत्येक जण सऱ्या पाडायचा त्या सरळ खालच्या फळीकडे.

नाझुना धावत जाऊन यंत्रापुढे उभी राहिली. हात पसरून.

“बाबा, सऱ्या चराकडं पाडा.”

“बाजूला हो. चराकडं पाडल्या तर पाणी भाईर कसं जाईल? खाचर वाळंल कसं?”

“जाईल! चराचं शेवटचं टोक फळीपाशी फोडायचं, आन् तितं अर्ध्या उंचीची फळी लावायची. आदी चर भरंल. भरला की जादाचं पाणी फळीवरनं भाईर. खाचर वाळंल, चर भरलेला ऱ्हाईल.”

“हे कुणी शिकवलं तुला? बाईंनी?”

“मी नाही,” बाई घाईने म्हणाल्या.

“न्हाणीतल्या हौदानं,” नाझुना म्हणाली. “तुमी गळ्यापर्यंत भरलेल्या हौदात बसता, तवा काय व्हतं? जादाचं पाणी काठावरनं जातं. हौद काय रिकामा व्हतो का?”

बांधावरच्या आज्या फिदीफिदी हसल्या. “आन् तेत्सुरो बसला तर निम्मं पाणी जात आसंल!”

तेत्सुरोने पोरीकडे बघितलं. मग खाचराकडे, मग चराकडे, मग पुन्हा पोरीकडे. गेल्या साली ज्या सोळा ओळी वाकून कापल्या होत्या तिकडेही त्याची नजर जाऊन आली. नाझुनाचे हात पसरलेलेच होते.

“अर्धी फळी घेऊन ये,” तो म्हणाला. “पडवीत हाय. आन् पळ! माजं यंत्र गरम झालंय.”

ती पळाली अशी, की चिखल तिच्या डोक्यावरून उडाला.

पहिली सरी चराला मिळाली तेव्हा क्षणभर काहीच झालं नाही. मग गढूळ पाणी हळूच वाकडं वळलं. ठशा-ठशांतून ओघळ फुटले, आणि त्यांच्यामागे काळा रेला निघाला. आधी पाच-दहा, मग मोजता येईनात एवढी. चरात पडली की शेपट्या हलवत खाली बुडी.

“चौकटी ठेवा! मोजा!” हामासाकी बाई ओरडत होत्या. कोण मोजतंय? पोरं नाचत होती.

पाच मिनिटांनी पहिला बगळा उतरला. मग दुसरा. मग चराच्या काठावर पाच पांढरे पाहुणे, मान वाकडी करून, जणू जेवणाची पंगत मांडलीय.

“हुश्श! हाट! मुडद्यांनो!” आज्या छत्र्या फिरवत धावल्या. आबांनी काठीने बांबूचं बेट दाखवलं. अकरा पोरांनी फांद्या तोडून चरावर आडव्या घातल्या. बगळे थोडं लांब जाऊन तोंड पाडून उभे राहिले. तेत्सुरो यंत्राचा आवाज बंद करून हसत होता, आणि हे नाझुनाने फार दिवसांनी बघितलं होतं.

दुपारी बाईंच्या वहीत आकडा लागला. चरात सहाशेच्या वर, ठशांत वाळून मेलेली एकेचाळीस. एकेचाळीसचा आकडा नाझुनाने स्वतः लिहिला, मोठ्या अक्षरात. पुढच्या वर्षी मोजायचं ते बांधावर उभं राहून.

सगळी पांगली तरी आबा चरापाशीच उकिडवे बसले होते. “आज भरलाय,” ते तिला म्हणाले. “पर दहा दिस पाट बंद. उन्हं हा चर तीन दिसांत पिऊन टाकतील. रोज पहाटं कुणी तरी डोंगरात पाटाच्या तोंडाशी जाऊन दार दोन बोटं उचलाय पायजे, आन् चर भरला की लगेच बंद. जादा सोडलं तर खालची मंडळी माजी मान मुरगळतील. माजे गुडघे आता तिथवर जात न्हाईत. शाळंतली पोरं कधी जागी व्हतात, ते मला म्हाईत न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाले, “या गावात बाईमाणसानं त्या दाराला हात लावलेला न्हाई. का, ते मात्र मला कुणी सांगितलं न्हाई.”

त्यांनी कमरेला लावलेली पाटाच्या दाराची लोखंडी किल्ली काढून तळहातावर धरली.

संध्याकाळी जेवताना आईने मिसोचं सार वाढलं. बाबा दमून भिंतीला टेकले होते. नाझुनाने भाताचा वाडगा खाली ठेवला आणि ताठ बसली.

“आई, बाबा, उद्यापास्नं दहा दिस पाटाचं दार मी उघडणार. आबांना हो म्हणून आले. आन् पुढल्या साली सभेत पाटकरीण म्हणून माजं नाव घालायचं म्हणत्यात ते, त्यालाबी मी हो म्हणलंय. तुमाला काय बोलायचं आसंल ते आत्ताच बोला. मला पाचला उठायचंय.”