बंद न करायचं पान

सासूबाईंनी जावयाला काम सांगावं आणि त्याने ते अर्धवट करावं, यात नवल नाही. हा पठ्ठ्या अर्धवट करून वर गप्पही बसला.

सासूबाई कर्णबधिरांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. तिथल्या मुलांनी आपापसात घडवलेल्या सहाशे बारा खुणा त्यांनी शब्दांत उतरवल्या होत्या, आणि टायपिस्टने त्यांचा पार विचका केला होता. चुका निस्तरायच्या, तर त्यांची नजर महिन्यागणिक मंदावत चाललेली. म्हणून जावयाने ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान करून दिलं. 'फाइल निवडा' दाबून फाइल निवडली, की एकेक खूण बोटभर अक्षरांत समोर येई. दुरुस्त करून 'पुढे' दाबायचं.

"फाइल कुठे जात नाही आई, तुमच्याच मशीनवर राहते," त्याने ऐटीत सांगितलं होतं.

राहत होतीच की, चुकांसकट, जशीच्या तशी! पान फाइल फक्त वाचत होतं. दुरुस्त्या त्या उघड्या पानातच अडकलेल्या. जतन करायचं बटण साहेबांनी 'नंतर बघू' म्हणून सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, तोवर सासूबाई शंभरावर पोचल्या होत्या. नवं पान द्यावं तर जुनं मिटणार, आणि मिटलं की सगळं पाण्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगायची हिंमत काही होईना.

मग रोज सकाळी फोन. "आई, पान बंद करू नका हं. चार्जर काढू नका."

सोळा दिवस त्याचा जीव टांगणीला. ऑफिसात बसूनही तो त्या पानातच कोंडलेला असे. वर बायकोचं कौतुक, "माझ्या आईची केवढी काळजी तुला!" ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शनिवारी तो तिकडे गेला. पडद्यावर शेवटची खूण होती. पुढची खूणच नाही, म्हणून 'पुढे' बटण निकामी झालेलं. चालणारं बटण एकच, 'फाइल निवडा', आणि नेमकं तेच जुनं सगळं पुसणारं. वाट एकच होती. त्या बटणामागचा प्रोग्राम पहिल्याच ओळीवर अडवायचा आणि पुसलं जाण्याआधी आतला मजकूर बाहेर काढायचा. अडवणं फसलं तर एकोणीस दिवस मातीत.

आता लपवणं शक्यच नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "गेलं तर मला पुन्हा करता यायचं नाही, जावईबापू. दिसतच नाही हो आता."

"माहीत आहे, आई."

त्याने प्रोग्रामच्या त्या ओळीवर थांबा लावला, तीनदा तपासला. पण बटणावर बोट काही जाईना. शेवटी सासूबाईंनीच चष्मा चढवला, बटण दाबलं आणि फाइल निवडली.

पान थिजलं. त्याने आत पाहिलं. सहाशे बारा, सगळ्या दुरुस्त केलेल्या. नवी फाइल करून तीन ठिकाणी ठेवली तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या.

रविवारी सकाळी त्याने फोन लावला.

"आई, कशा आहात?"



"आता कशाला फोन केलात?" त्या म्हणाल्या. "आता सगळं बंद केलं तरी चालतं ना?"