निनावी फॉर्म

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी जोव्हेलिनच्या टेबलावर एक थर्मास आला, सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आल्याचा चहा आहे. झोप लागेल.’

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या त्या कॉल सेंटरात दर नाताळाला मोनितो-मोनिता चाले. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्या टेबलावर दर शुक्रवारी गुपचूप भेट ठेवायची. एकदा मऊ काहीतरी, एकदा गरम काहीतरी. कोणी ठेवली ते पार्टीच्या दिवशीच कळायचं. मागल्या आठवड्यात तिला मऊ म्हणून रुमाल मिळाला होता. आधी रुमाल, आता झोप. पाणी कुठे मुरतंय ते तिला कळलं.

झोप उडालीय, सारखं रडू येतं, हे तिने ऑफिसात एकाच ठिकाणी कबूल केलं होतं, ते दर महिन्याला भरायच्या मनःस्वास्थ्याच्या निनावी फॉर्मवर. निनावी म्हणे! दिवसभर ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन तिने भाबडेपणाने स्वतःला पाचपैकी एक गुण दिला होता. जानेवारीत नोकरी कायम व्हायची होती, आणि टीम लीडर मॅम दिविना तो फॉर्म भरल्यापासूनच गोड बोलू लागली होती.

"जेवलीस का गं?"

"हो मॅम." जेवणाचं विचारतेय आणि माझे दिवस मोजतेय, जोव्हेलिन मनात म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतला वेन्डेल वयाने मोठा, सगळ्यांचा कुया, म्हणजे दादा. "थर्मास तसाच ठेवलास? विष नाही गं त्यात."

"तुला काय माहीत, कुया?"

त्याने घाईने हेडफोन लावून पुढचा कॉल घेतला. हाही मॅमचाच माणूस, तिने ठरवून टाकलं. डिसेंबरच्या फॉर्मवर तिने ताकही फुंकून प्यायलं. सगळीकडे पाच.

पार्टीत मॅमने सांगितलं, "गेल्या महिन्यात आपल्यातल्या दोघांचे गुण कमी होते, म्हणून जानेवारीत समुपदेशक बाई येणार होत्या. या वेळी एकाचेच कमी आहेत. एकासाठी कंपनी पाठवत नाही, तेव्हा त्यांचं येणं रद्द." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोव्हेलिननेही वाजवल्या.

मग वेन्डेल शेवटची भेट घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. "तुझा मोनितो मीच."

"माझ्या झोपेचं तुला कोणी सांगितलं? मॅमने?"

"मॅम कशाला सांगेल? मागच्या जिन्यात आईला फोन करून रडतेस ना, तेव्हा मी एक मजला वर बसलेला असतो."

"तू तिथे काय करतोस?"

"तेच." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "त्या बाईंची फार वाट बघत होतो गं. मागच्या वेळी दोघं होतो. या वेळी मी एकटाच निघालो."

जोव्हेलिनला स्वतःची भयंकर लाज वाटली. मॅम पलीकडे केक कापत होती. तिच्यावर भरवसा ठेवावा की नाही, हे अजूनही कळत नव्हतं, आणि जानेवारी दोन आठवड्यांवर होता. तरी ती टेबलापाशी गेली.

"मॅम, तुमचा आकडा चुकलाय. दोघं आहेत. दुसरी मी."